तारा की थारा

वन्सं, तुमच्या जागेवर आता ती तुटक्या कानाची शेळी बसायला लागली हाय. ओट्याच्या कोपऱ्यात, खांबाला टेकून, जिथं तुमी सकाळचा चहा बशीत ओतून प्यायच्या, तिथंच. मी हाकललं, ती परत आली. परत हाकललं, परत आली. शेवटी म्हणले, बस बाई, तुझ्या आधीची बी अशीच हट्टी होती. तुमच्या दादांनी ऐकलं अन् तोंड तिकडं फिरवून हसले. तुमी गेल्यापासून घरात पहिल्यांदाच कुणी हसलं, म्हणून आधी तेच सांगते.

वयानं तुमी माझ्याहून धाकट्या. पण नणंद धाकटी असली तरी वन्संच, तिला नावानं हाक मारायची न्हाई, असं आईनं मला उमापूरहून निघतानाच बजावलतं. मी या घरात आले तवा तुमी परकर नेसून अंगणभर हिंडायच्या. मी पदर सावरून म्हणायचे, "वन्सं, नाक पुसा." सासूबाई चुलीपाशी हसून हसून लोळायच्या. तुमाला त्याचा लई राग यायचा. नाक मात्र तुमी पुसायच्या.

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणत्यात. मला ते जमायचं न्हाई. आपलं भांडण अर्ध्यावर राह्यलंय अन् तुमी खुशाल उठून निघून गेल्या. हे काय बरं केलं न्हाई तुमी. भांडण टाकून जायची तुमची रीत नव्हती. भाकरी करपली, दूध उतू गेलं, तरी आपण दोघी आधी हुज्जत पुरी करायचो अन् मंग चुलीकडं बघायचो.

आता ज्याला ठाऊक न्हाई त्याच्यासाठी सांगते, कशाचं भांडण ते. गावाच्या खालच्या अंगाला, चकलांब्याकडं जायच्या वाटेवर आपलं तळं हाय. ताटासारखं गोल. भोवती उंच कड, आत पाणी, पाण्यात म्हशी. गावातलं शेंबडं पोरगं बी त्याला ताऱ्याचं तळं म्हणतं. तुमचं म्हणणं, नाव उगं पडत न्हाई, इथं आभाळातून तारा पडलाय अन् त्याचाच हा खड्डा. माझं म्हणणं, तारा न्हाई, थारा. दुपारच्या उन्हात मेंढरं जिथं बसत्यात त्या जागेला धनगर थारा म्हणत्यात. थाऱ्याचं तळं. बोलता बोलता थ चा त झाला, एवढंच. आपल्याकडं 'तुम्ही' म्हणायला जीभ वळत न्हाई, तिथं थारा नीट म्हणायला कोण बसलंय?

अन् मी हट्टानं म्हणत नव्हते. माझा बाप दरसाल मेंढरं घेऊन याच वाटेनं जायचा. तळ्याच्या काठी थाऱ्याला थांबायचा. मामंजींनी त्याला तिथूनच घरी जेवायला आणलं अन् जेवता जेवता माझं लग्न ठरवून टाकलं. तो थारा नसता तर मी या घरात आले नसते. मंग तो शब्द मी कावून सोडू? माझ्या माहेरचं या गावात दुसरं हाय काय?

तुमचा तारा मातर शाळेतून आला. केजच्या सासरहून तुमी परत आल्या त्याला काही वरसं झाल्ती. शाळेत खिचडी शिजवायचं काम तुमाला मिळालं. तुमी व्हरांड्याच्या टोकाला चूल मांडायच्या अन् खिडकीतून वर्ग ऐकायच्या. गुरुजींनी एक दिवस लोणारचं शिकवलं. लई जुन्या काळी आभाळातून उल्का आली, जमिनीवर आदळली, तिथं विवर झालं अन् मंग त्या विवरात पाणी साचलं. त्या दिवशी गावच्या समद्या पोरांनी बुडाला लागलेली खिचडी खाल्ली. कुणी विचारलं तर तुमी म्हणल्या, "ध्यान न्हाई राह्यलं." घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मला म्हणल्या, "वैनी, आपलं तळं गोल कावून हाय, सांगा."

"गोल हाय कारण चौकोनी न्हाई," मी म्हणले.

तिथून जे सुरू झालं ते तुमाला दवाखान्यात नेलं तरी चालूच होतं.

लोणारला आपण गेलतो ती सहल तुमाला ध्यानात असंलच. शाळेची पोरं, दोन गुरुजी, अन् तुमी. तुमी अडून बसल्या, "वैनी येणार असतील तर मी येते, न्हाईतर तुमचं तुमी रांधून खा." गुरुजी बिचारे काय करतील? जालन्याच्या पुढं मंठ्यापर्यंत मी गाडीत ओकत गेले अन् तुमी माझ्या तोंडाजवळ लिंबू धरून बसल्या. त्यातबी तुमची बडबड चालूच. मी म्हणले, "वन्सं, एक तर लिंबू धरा न्हाईतर तारा धरा." पोरं हसली.

अन् मंग ती कड आली. खरं सांगू? मी तुमाला तवा बोलले न्हाई, पण मी दोन पावलं मागं सरले. एवढं मोठं अन् एवढं गोल, जणू कुणी मुठीनं पीठ दाबलंय. खाली झाडी, मोर ओरडत होते, अन् मधी ते हिरवट, वास मारणारं पाणी. गाव एवढुसं दिसत होतं कडेवर. आपण दोघी हात धरून उतरलो. तिथं एक माहिती सांगणारा माणूस होता. तो बोलून थांबला की पोरं पाणी प्यायला पळायची अन् तुमी मातर त्याच्या पुढ्यात उभ्या.

"दादा, मंग तो दगड कुठंय?"

"दगड न्हाई राह्यला बाई. इतक्या जोरात आला की त्याचीच वाफ अन् चुरा झाला. जागा तेवढी राह्यली."

तुमी खाली वाकून जमिनीला हात लावून बघितला. मंग तो म्हणला, जगात अशी लई तळी हायत, वर पाणी अन् खाली विवर लपलेलं. लोक पिढ्यान् पिढ्या वर मासे धरत्यात, त्यांना पत्ता बी नसतो की आपण कशावर बसलोय. झालं! तुमी माझं मनगट असं काही धरलं की बांगडी वाढवली माझी.

परत येताना पोरं एकमेकांच्या अंगावर झोपली. तुमचा डोळ्याला डोळा न्हाई. "वैनी, पत्ता बी नसतो म्हणला तो. आपल्याला तरी कुठं होता?"

"लोणारचं पाणी खारट हाय वन्सं. आपल्या तळ्यात म्हशी लोळत्यात. लोणारात एक म्हैस दाखवा मला."

"आपलं पाणी धुऊन धुऊन गोड झालं असंल."

"धुऊन गोड होत असतं तर मी तुमाला रोज धुतलं असतं."

तुमी हसल्या, पण सोडलं न्हाई. जुन्या रेडिओतला लोहचुंबक काढून दोरीला बांधला अन् तळ्याच्या काठानं ओढत हिंडायला लागल्या. गुराखी म्हणायचे, आत्या मासे धरतीया काय जमिनीत? एक दिवस तुमी तो लोहचुंबक माझ्या नाकापुढं धरला. त्याला काळी भुकटी चिकटलेली, दाढी आल्यासारखी. "हे बघा! ताऱ्याचा चुरा." मी उठले. तुमच्या हातातला लोहचुंबक घेतला, आपल्या अंगणातून ओढला, गोठ्यापुढून ओढला अन् परत तुमच्या हातात दिला. तितकीच दाढी. म्हणले, आपली काळी माती हाय, जिथं ओढाल तिथं निघंल. आता तरी गप बसतील असं वाटलं मला. तर तुमी अंगणाकडं बघितलं, लोहचुंबकाकडं बघितलं अन् म्हणल्या, "अगं बाई! केवढा मोठा पडला असंल वैनी, आपल्या दारापर्यंत चुरा आलाय!"

आता अशा माणसाशी भांडावं तरी कसं? पण मला तुमच्याशी भांडायला लई आवडायचं वन्सं. हे मी तुमाला कधी सांगितलं न्हाई. गावातल्या बाया सुनांच्या चुगल्या करत बसायच्या अन् आपण दोघी शेंगा फोडत बसायचो, आभाळातून काय पडलं अन् कधी पडलं यावर. तुमचे दादा म्हणायचे, तुमा दोघींच्या मधी मी न्हाई, अन् कांबळं उचलून रानात जायचे. माझी पोरं तुमच्या कडेवर वाढली. मी आजारानं अंथरुणाला खिळले तवा शाळेची खिचडी, घरची चूल, शेळ्या, माझी न्हाणी, समदं तुमी एकटीनं केलं. माझे केस विंचरताना बी, "वैनी, ते कडेचे दगड बघितले का, उताणे पडल्यासारखे हायत." मी पडल्या पडल्या म्हणायचे, "थारा." तुमी फणी ओढून म्हणायच्या, "तारा." त्या आजारातून मी औषधानं कमी अन् त्या हुज्जतीनं जास्त उठले.

ज्या साली तळं आटलं त्या साली मला वाटलं, आता निकाल लागतो. गाळ काढायला मशीन आलं. गावचे ट्रॅक्टर गाळ घेऊन शेतात जायचे अन् तुमी पदर डोक्यावर घेऊन काठावर बसायच्या, तारा निघतो का बघत. तारा निघाला न्हाई. निघाली एक दगडी डोणी, जनावरांना पाणी पाजायची, लांबट, एका बाजूनं फुटकी. मी काठावरूनच ओरडले, "बघा! इथं मेंढरांना पाणी पाजायचे. थारा!" समद्या गावासमोर जिंकले मी. तुमी त्या डोणीभोवती एक फेरी मारली अन् म्हणल्या, "खड्डा होता म्हणून पाणी होतं, पाणी होतं म्हणून डोणी आली. खड्डा कुणी केला?" ट्रॅक्टरवाले टाळ्या वाजवायला लागले. मला त्या दिवशी जेवण गेलं न्हाई.

पण त्याच दुपारी, मशीन थांबलं तवा, तुमी चालत चालत तळ्याच्या मधोमध गेल्या. चप्पल हातात, पाय भेगाळलेल्या चिखलात. मी तुमाला आणायला गेले. तुमी वर बघत होत्या. म्हणल्या, "वैनी, पडायचंच असंल तर असं पडावं. इतक्या जोरात, की जागा आपल्या नावाची झाली पाहिजे. कुणाला विचारायचं काम न्हाई."

मी म्हणले, "ऊन लागलंय तुमाला. चला, ताक देते."

केजचं तुमी कधी बोलल्या न्हाई. वाजतगाजत दिलतं तुमाला, अन् वरीस बी झालं नसंल, एक दिवस जीपमधून उतरल्या अन् सरळ आत येऊन पाणी प्यायल्या. सासूबाईंनी विचारलं, मामंजींनी विचारलं. मी विचारलं न्हाई. मी ताट वाढलं. मला वाटायचं, सांगायचं असंल तवा सांगतील. तुमी तारा सांगितला, विवर सांगितलं, अन् तेवढं मातर सांगितलं न्हाई. मला त्याचा राग न्हाई. आपल्यात बोलायला दुसरं लई होतं.

यंदा पंचायतीनं तळ्याची कड नीट केली, बसायला बाक टाकले अन् पाटी लावायची ठरवली. नावावरून गावात दोन तट. म्हणजे एका तटात तुमी अन् दुसऱ्यात मी. सरपंच घरी आले, चहा प्यायले अन् म्हणले, "तुमी दोघी मिळून काय ते सांगा. गावाला तुमच्या भांडणात पडायचं न्हाई." आपण बसलो ठरवायला. पेंटर दोनदा येऊन रिकामा गेला. तुमी म्हणल्या, "वैनी, तुमी समदं जिंका, एवढी पाटी मला द्या." मी म्हणले, "भीक मागू नका, पुरावा आणा." तुमचं तोंड लाल झालं. मला मजा वाटली.

मंग तुमच्या छातीत कळ आली. बीडच्या दवाखान्यात नळ्या लावल्यात, बोलू नका म्हणलंय, अन् तुमी मला बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी पायजे असंल. तर तुमी विचारता, "पाटीवर काय लिवलं?"

"काही न्हाई लिवलं. तुमी घरी चला, मंग भांडू."

तुमी मान हलवली, अन् डोळे मिटून हसल्या. दुसऱ्या दिवशी तुमाला घरी आणलं, पण भांडण्यासारख्या तुमी राह्यल्या नव्हत्या.

दहावं झालं त्याच दुपारी पेंटरचा फोन आला. दिगू पेंटर, उमापूरचाच हाय, माझ्या माहेरचा. "काकू, सरपंच म्हणले तुमालाच विचार. काय लिवू?" आता हुकमाचं पान माझ्या एकटीच्या हातात, अन् समोर खेळायला कुणी न्हाई. मनात आलं, देऊन टाकावं. गेलेल्या माणसाला द्यावं की. पण मंग वाटलं, ही तर दया झाली. अन् दया तुमाला कधी खपली न्हाई. अर्धी भाकर जास्त वाढली तरी तुमी ती उचलून परत टोपल्यात टाकायच्या. पुरावा माझ्या बाजूनं होता, डोणी माझ्या बाजूनं होती. तुमी माझ्याशी कधी खोटं भांडल्या न्हाई, मंग मी तुमाला खोटं कावून जिंकू देऊ? रडून रडून घसा बसला होता, नाक चोंदलं होतं. तरी मी फोनमधी मोठ्यानं म्हणले, "थाऱ्याचं तळं." अन् फोन ठेवला. लई बरं वाटलं न्हाई, पण सरळ वाटलं.

तेराव्याला समदे पाहुणे आले. पंगती बसल्या. मी वाढत होते. तुमची ती चकलांब्याची चुलत आत्या, दात न्हाईत तरी तोंड थांबत न्हाई, ती बुंदी चघळत बायांना सांगत होती, "पोरीचं नशीब म्हणायचं. भावा-भावजयीनं थारा दिला. न्हाईतर टाकलेल्या बाईला कोण थारा देतं?"

माझ्या हातातलं वरणाचं भांडं तिरकं झालं.

वन्सं, हे वाक्य मी काय पहिल्यांदा ऐकत होते? बारशाला, लग्नाला, हळदीकुंकवाला, कुणी ना कुणी म्हणायचंच. भावजय चांगली हो, थारा दिला. माझ्या कौतुकाचं वाक्य, म्हणून मी खाली मान घालून ऐकायचे. अन् तुमी दर वेळी उठून जायच्या. पाणी बघून येते, शेळी सुटली वाटतं, चूल विझली असंल. मला वाटायचं, वन्संला कामाचा लई सोस. अगं बाई! तुमी तळ्याचं भांडत नव्हत्या. जो शब्द लोकांनी जन्मभर तुमच्या कपाळी मारला, तोच मी रोज शेंगा फोडताना तुमच्या तोंडावर हसत हसत फेकत होते, अन् तुमी त्याला हसत हसत त ने उत्तर देत होत्या. एकदा तरी म्हणायचं की हो, वैनी, मला तो शब्द नको. म्हणल्या असत्या तर मी त्याच दिवशी गिळला असता तो.

पण तुमी कशाला म्हणाल? तुमाला तो मागून नको होता, जिंकून पायजे होता.

आत्याबाईला मी म्हणले, समद्या पंगतीसमोर म्हणले, "थारा कसला आत्याबाई? घर त्यांच्या बापाचं. जन्मभर कमवून खाल्लं, माझी पोरं वाढवली, मला मरणातून उठवलं. थारा त्यांनी आमाला दिला. बुंदी खावा." तुमच्या दादांनी माझ्या हातातलं भांडं घेतलं अन् हळूच म्हणले, "जा, तळ्यावर जाऊन ये." त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.

मी तशीच निघाले. डोक्यावर पदर न्हाई, पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला. गावाच्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं म्हणून, तोच शब्द मी तुमच्या माघारी पक्क्या रंगात लिवायला सांगितलता. पुसायचा होता तो मला. पळता येत न्हाई आता, तरी मी पळत होते.

दिगू पेंटर पाटीपुढं उकिडवा बसून निळी किनार काढत होता. मला तशी आलेली बघून उभाच राह्यला. मी दम घेत म्हणले, "पूस ते. आधी पूस."

"कावून काकू? चुकलं काय?" त्यानं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "फोनवर तुमीच तर म्हणल्या."

मी पदरानं डोळे पुसले अन् वाचलं. पांढऱ्या पत्र्यावर, हाताच्या वितीएवढ्या अक्षरात, रंग अजून ओलाच. ताऱ्याचं तळं.

वन्सं, मी तिथंच मातीत बसले अन् हसले. रडू बी येत होतं, पण हसू मोठं होतं. म्हशींनी माना वर केल्या. दिगू घाबरून गेला, तेराव्याच्या दिवशी बाईला झालं तरी काय. ओला फडका हातात धरून परत परत विचारत होता, "काकू, पुसू का? काय म्हणल्या होत्या तुमी? तारा न्हाई का?"

"ठेव तो फडका," मी म्हणले. "बरोबर लिवलंस बाबा. हेच म्हणले होते मी."